एक्स्टर्नल डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बॅकअप ठेवायचा आहे, सल्ला हवा

अक्षरजुळारी

नमस्कार मंडळी. बडोद्याला करेलीबागेत आमचं छोटं डीटीपीचं दुकान आहे. मी आणि माझे दीर मिळून चालवतो. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका, मराठी आणि गुजराती दोन्ही. काम सगळं कोरलड्रॉमध्ये, आणि फाँट जुने, युनिकोडच्या आधीचे, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं दाखवणारे. गिऱ्हाईक पाच-सात वर्षांनी येतं आणि म्हणतं, "ताईच्या लग्नाची पत्रिका तुम्हीच केली होती, तशीच धाकटीची करा." त्यामुळे जुनी फाइल सापडणं हाच आमचा धंदा आहे.

दुकान तळमजल्यावर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा ओटला ओलांडून आत आलं. कॉम्प्युटर आम्ही वेळेवर माळ्यावर चढवला होता म्हणून वाचला. पण वीज नाही, नेट नाही, आणि दोन पत्रिका छपाईला द्यायच्या राहिलेल्या. फाइली त्या बंद डब्यात. घरी लॅपटॉप होता, बॅटरी भरलेली होती, पण त्यावर काहीच नाही.

आता पावसाळ्याआधी पक्की सोय करायची आहे. डोक्यात असं आहे की एक एक्स्टर्नल एसएसडी घ्यायची, तिच्यावरच विंडोज आणि कोरल टाकायचं, सगळ्या फाइली तिच्यावरच ठेवायच्या. मशीन गेलं तर डिस्क उचलायची, लॅपटॉपला लावायची आणि काम सुरू. म्हणजे बॅकअपही तोच आणि कॉम्प्युटरही तोच. हे होतं का? दुकानातलं मशीन विंडोज १० वर आहे, आत ५०० जीबीची एसएसडी आहे.

राजवाडा_इंदूर

नेहमीच्या पद्धतीने नाही होत. विंडोजचा सेटअप यूएसबीवरची डिस्क निवडली की सरळ नकार देतो, इथे बसवता येणार नाही म्हणतो. कंपनीचं धोरणच तसं आहे. डिस्क किती का चांगली असेना.

लष्करवाला

ग्वाल्हेरहून नमस्कार. लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, टाका आणि मोकळे व्हा. तिचे मिंट किंवा उबुंटू हे प्रकार घ्या, एक्स्टर्नल एसएसडीवर अगदी व्यवस्थित बसतं, कुठल्याही मशीनला लावा, चालतं. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच असतात, त्यामुळे दुकानातल्या डेस्कटॉपवरून घरच्या लॅपटॉपवर गेलं तरी ते कुरकुर करत नाही. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, हेही लक्षात घ्या.

राजवाडा_इंदूर

अहो पण त्यांचं काम कोरलवर आहे. लिनक्सवर कोरल कुठून आणणार? इंकस्केप आणि लिब्रेऑफिस ड्रॉ कोरलच्या फाइली उघडतात, पण पत्रिकेसारखी नाजूक मांडणी हलते. आणि जुना फाँट असेल तर मजकूर हमखास बिघडतो. लग्नपत्रिकेत वधूच्या आजोबांचं नाव चुकून चालत नाही.

बूटमेनू

ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गरजा एकात आल्या आहेत. आधी त्या सुट्या करू, मग काय घ्यायचं ते आपोआप ठरेल.

पहिली गरज: मशीन बंद पडलं तरी दुसऱ्या मशीनवर बसून काम पुढे नेता यावं. दुसरी गरज: फाइल हरवली, बिघडली, पाण्यात गेली, तरी तिची प्रत कुठेतरी शाबूत असावी. एक्स्टर्नल डिस्कवरची ऑपरेटिंग सिस्टिम पहिल्या गरजेसाठी आहे. ती गाडीच्या स्टेपनीसारखी समजा. दुसरी गरज ती भागवत नाही. उलट त्याच डिस्कवर रोज काम करायला लागलात आणि मूळ फाइलीही तिच्यावरच ठेवल्या, तर तुमच्याकडे बॅकअप उरतच नाही. उरते ती एकुलती एक प्रत, आणि तीही खिशात फिरणारी, टेबलावरून पडू शकणारी, रिक्षात विसरू शकणारी.

म्हणून माझं ठाम मत: चालू होणारी डिस्क वेगळी, बॅकअपची डिस्क वेगळी. एकाच डिस्कचे दोन भाग करून चालणार नाही. डिस्क मेली की दोन्ही भाग मरतात.

आता विंडोजचं. २०१२ मध्ये विंडोज ८ च्या एंटरप्राइझ आवृत्तीबरोबर 'विंडोज टू गो' नावाची सोय आली होती, ती नेमकी यासाठीच होती. २०२० मध्ये आलेल्या विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपासून ती काढून टाकली. त्यामागचं एक कारण म्हणजे विंडोजची मोठी अपडेट अशा डिस्कवर बसत नाहीत. रूफस या मोफत साधनात तो पर्याय अजून आहे, त्याने एक्स्टर्नल एसएसडीवर विंडोज टाकता येतं. करताना तो विचारतो की आतल्या डिस्कला हात लावायला बंदी घालायची का. तिथे हो म्हणा. पण तीन गोष्टी धरून चला: मोठी अपडेट अडतील, दुसऱ्या मशीनला लावल्यावर विंडोज परवाना मागेल, आणि कोरललाही आपला परवाना पुन्हा तपासून घ्यायचा असू शकतो. आणीबाणीत चार दिवस काढायला ठीक. कायमची व्यवस्था म्हणून मी सुचवणार नाही.

तुमच्या कामाला त्यापेक्षा सरळ रस्ता आहे. घरच्या लॅपटॉपवर विंडोज आहेच ना? त्यावरच कोरल आणि फाँट आत्ता, कोरड्या दिवसांत, बसवून ठेवा. परवान्यात दुसऱ्या मशीनवर बसवायची मुभा आहे का तेवढं पाहून घ्या. मग आणीबाणीत फक्त फाइली लागतील, ऑपरेटिंग सिस्टिम नाही.

सुरसागर

बूटमेनूशी बहुतांशी सहमत. पण बूट होणारी, म्हणजे जिच्यावरून मशीन सुरू करता येतं अशी, एक डिस्क घरात असावीच. मी बडोद्यातच ओळखीच्यांची मशीन दुरुस्त करून देतो. विंडोज सुरूच होत नाही म्हणून येणाऱ्या कित्येक मशीनमध्ये डिस्क आणि डेटा ठणठणीत असतात, फक्त विंडोज बिघडलेलं असतं. अशा वेळी एक्स्टर्नल एसएसडीवरचं मिंट लावलं की आतली डिस्क समोर दिसते, फाइली उचलून दुसरीकडे ठेवता येतात. कोरल चालत नसलं तरी चालेल, फाइल हातात येते हे महत्त्वाचं.

मात्र मिंट बसवताना एक जागा फार जपून. सेटअपमध्ये डिस्कची यादी येते तिथे नावं माणसाला कळतील अशी नसतात. एसडीए, एसडीबी, नाहीतर एनव्हीएमईने सुरू होणारं लांबलचक काहीतरी. ओळखायचं आकारावरून. ५०० जीबीची डिस्क बऱ्याच ठिकाणी ४६५ दिसते, १ टीबीची ९३१, कारण मोजायची पद्धत वेगळी आहे. तुमची आतली ५०० ची आहे, मग बाहेरची मुद्दाम वेगळ्या आकाराची घ्या. २५० ची किंवा १ टीबीची. दोन्ही ४६५ दिसायला लागल्या की हात थरथरतो.

दुसरं, बूटलोडर, म्हणजे मशीन चालू केल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम. मिंटच्या सेटअपमध्ये 'बूटलोडर कुठे टाकू' असं विचारतात. तिथे तुम्ही बाहेरची डिस्क निवडली तरी यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) असलेल्या मशीनवर तो बरेचदा आतल्या डिस्कच्या इएफआय विभागातच, म्हणजे सुरुवातीच्या फाइली असतात तिथेच, जाऊन बसतो. हे जुनं, माहितीतलं दुखणं आहे. परिणाम असा की एक्स्टर्नल काढली की दुकानाचं मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर अडकतं, आणि एक्स्टर्नल दुसऱ्या मशीनला लावली तर तिथे सुरूच होत नाही. ज्यासाठी केलं तेच होत नाही.

यावर खात्रीचा उपाय एकच: बसवताना आतली डिस्क दिसूच द्यायची नाही. डेस्कटॉप असेल तर मशीन बंद करून, प्लग काढून, आतल्या एसएसडीची साटा केबल सोडवायची. काम झालं की परत जोडायची. लॅपटॉपमध्ये बायोसमधून, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधून, आतली डिस्क बंद करता येते का पाहायचं. तेही नसेल तर जीपार्टेड या डिस्कचे विभाग बदलायच्या साधनामध्ये आतल्या इएफआय विभागावरचे 'बूट' आणि 'इएसपी' हे दोन झेंडे आधी काढून ठेवायचे आणि काम झाल्यावर न विसरता परत लावायचे.

खंडेराव_मार्केट

सुरसागर, साटा केबल काढण्याचा सल्ला शंभर टक्के बरोबर. त्यात एक भर: कुठल्याही मशीनचा बूटचा क्रम बदलण्याआधी, सिक्युअर बूटला (सुरू होताना तपासणी करणाऱ्या सोयीला) हात लावण्याआधी, विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी सोय, चालू आहे का ते बघा. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते न विचारता चालू झालेलं असू शकतं. मग बायोसमध्ये काही बदललं की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती की आधी कागदावर उतरवून घ्या. त्याच लॅपटॉपमध्ये साठवून काय उपयोग?

मांडवीतली

मध्येच विचारते, मॅकवर हे सोपं असतं ना? माझ्या मुलीकडे एम मालिकेच्या चिपवालं आहे.

बूटमेनू

बाहेरच्या डिस्कवर मॅकओएस बसतं, हो. पण एम मालिकेच्या मॅकमध्ये सुरुवात आतल्या डिस्कवरूनच होते. आतली डिस्क पूर्ण गेली तर बाहेरचीही उपयोगाची नाही. तिला टाइम मशीनने रोजचा बॅकअप लावून द्या, त्यापलीकडे काही करायची गरज नाही.

लष्करवाला

बरं, मी माझं म्हणणं थोडं बदलतो. कामासाठी लिनक्स नको, पण बॅकअपसाठी तरी क्लोनझिला घ्या. पेन ड्राइव्हवर टाकायचं, मशीन त्यावरून सुरू करायचं आणि आतल्या अख्ख्या डिस्कची प्रतिमा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढायची. विंडोज, कोरल, फाँट, सेटिंग, सगळं जसंच्या तसं. डिस्क मेली तर नवी आणून तिच्यावर उतरवायचं. फुकट आहे, आणि फक्त वापरलेला भाग उचलतं, त्यामुळे ५०० जीबीच्या डिस्कवर १८० जीबीच भरलेली असेल तर प्रतिमा त्याहूनही लहान होते.

सुरसागर

उत्तम सल्ला. क्लोनझिला वापरताना काळजी एवढीच: विंडोज पूर्ण बंद करा. साधं शटडाऊन केलं तर 'फास्ट स्टार्टअप'मुळे ते अर्धवट झोपलेलं असतं. शिफ्ट दाबून धरून शटडाऊनवर क्लिक केलं की पूर्ण बंद होतं. बिटलॉकर असेल तर आधी काढा, नाहीतर ते डिस्कचा कोपरा न् कोपरा उचलत बसतं. आणि नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी घ्या, लहान डिस्कवर ते उतरवत नाही. शेवटी 'प्रतिमा तपासू का' असं विचारतं, तिथे हो म्हणा. वेळ जातो, जाऊ द्या.

मेनू सगळा इंग्रजी आणि निळ्या पडद्यावर अक्षरांचा असतो. त्याला घाबरत असाल तर वीम एजंटची विंडोजसाठी मोफत आवृत्ती आहे, ती विंडोजमध्ये बसूनच पूर्ण मशीनचा बॅकअप घेते आणि परत उतरवायला लागणारा पेन ड्राइव्हही बनवून देते.

अक्षरजुळारी

सगळ्यांचे मनापासून आभार. बराच गुंता सुटला. आतल्या अख्ख्या डिस्कची प्रतिमा अधूनमधून काढायची, हे पटलं. पण रोजच्या फाइलींचं काय? दीर म्हणतात, संध्याकाळी दुकान बंद करताना 'पत्रिका' फोल्डर उचलून एक्स्टर्नलवर टाकायचं, आधीचं पुसून.

बूटमेनू

आधीचं पुसून नको, ताई. हा मुद्दा तुमच्या धंद्यात सगळ्यांत मोठा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पत्रिकेचं काम कसं होतं? जुनी पत्रिका उघडायची, नावं, तारीख, कार्यालय बदलायचं, आणि नव्या नावाने सेव्ह करायचं. घाईत एखाद्या दिवशी नव्या नावाऐवजी नुसतं सेव्ह दाबलं जातं. कुणाच्याही हातून होईल. आता थोरल्या मुलीची पत्रिका गेली, तिच्या जागी दुसऱ्याच घरची आली, फाइलचं नाव मात्र जुनंच. संध्याकाळी तुम्ही जुनं पुसून नवं टाकलं, की बॅकअपमधूनही थोरलीची पत्रिका गेली. आणि हे तुम्हाला कळणार धाकटीच्या लग्नाला. आरशासारखी हुबेहूब प्रत ठेवणारी सगळी साधनं, विंडोजमधलं रोबोकॉपीसुद्धा तसंच चालवलं तर, चूकही तितक्याच इमानाने उतरवतात.

तुम्हाला हव्यात आवृत्त्या. विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' आहे, ती एक्स्टर्नल डिस्कवर फाइलच्या जुन्या आवृत्त्या तारखेसकट ठेवते. फक्त 'पत्रिका' फोल्डर डी ड्राइव्हवर असेल तर ते तिच्या यादीत हाताने घालावं लागतं, आपोआप ती डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप वगैरेच घेते.

आणि काम झालं की डिस्क काढून ठेवा. कायम लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरच्याही (फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) हाती लागते, आणि पाण्याच्याही.

खंडेराव_मार्केट

तीन-दोन-एकचा नियम इथे चपखल बसतो: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. पूर येतो तेव्हा करेलीबाग आणि समा हे दोन्ही भाग एकाच वेळी पाण्यात असतात, त्यामुळे 'दुसरी जागा' म्हणजे शेजारची गल्ली नव्हे. नातेवाईक इंदूरला, पुण्याला असतील तर सणावारी येताजाता डिस्क अदलाबदल करा. क्लाउडवर टाकलंत तरी चालेल, फक्त पुराच्या दिवशी नेट नसतं हे तुम्हीच वर लिहिलंय.

आणि हो, जी डिस्क महिनोन्महिने कपाटात पडून राहणार ती साधी हार्ड डिस्क घ्या, एसएसडी नको. एसएसडीतला डेटा विजेच्या भारावर टिकतो, आणि वीज न लावता पडून राहिली तर तो हळूहळू उतरतो. घरगुती एसएसडीसाठी मानकातली अपेक्षा अशी आहे की आयुष्य वापरून झालेल्या डिस्कने ३० अंश तापमानात वीज नसताना एक वर्ष डेटा धरावा. नवी डिस्क जास्त टिकते, पण तापमान वाढलं की मुदत घटते. आपल्या बडोद्यात मे महिन्यात बंद कपाटात ३० अंश कुठले?

राजवाडा_इंदूर

खरेदीबद्दल दोन शब्द. '२ टीबी पेन ड्राइव्ह' म्हणून अगदी स्वस्तात मिळणारं घेऊ नका. कॉम्प्युटरला ते २ टीबी असल्याचं सांगतं, आत चिप असते छोटीशी, आणि ती भरली की पुढच्या फाइली नुसत्या नावाला दिसतात. नवी डिस्क आली की एच२टेस्टडब्ल्यू चालवून पूर्ण भरून तपासा. बूट करायला पेन ड्राइव्ह वापरू नकाच, छोट्या छोट्या फाइली लिहिताना तो जीव काढतो. आणि डिस्क निळ्या पोर्टला लावा. यूएसबी २ ची कमाल सेकंदाला ४८० मेगाबिट, यूएसबी ३ ची ५ गिगाबिट. अख्ख्या डिस्कची प्रतिमा काढताना तासांचा फरक पडतो.

अक्षरजुळारी

काय केलं ते कळवते, कारण पुढे कुणाला उपयोग होईल.

१ टीबीच्या दोन साध्या हार्ड डिस्क घेतल्या, दोन्ही तपासून घेतल्या. एकीवर दुकानाच्या मशीनची क्लोनझिला प्रतिमा आणि 'फाइल हिस्टरी', ती संध्याकाळी दीर घरी नेतात. दुसरीवर तसंच सगळं घेऊन ती नणंदेकडे इंदूरला पाठवली. सुरसागर यांनी सांगितल्याप्रमाणे २५० जीबीच्या एसएसडीवर मिंट टाकलं, केबल काढूनच. डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोन्हीवर ते सुरू झालं आणि आतल्या फाइली दिसल्या.

मग नुसतं ठेवून न देता, घरच्या लॅपटॉपवर बॅकअपमधली एक पत्रिका उघडून पाहिली. कोरल होतं, फाइल उघडली, पण 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! फाँट पॅनेलमधून फाँटचं फोल्डर लॅपटॉपवर आणलं होतं, तरी पाच-सहा फाँट आलेच नाहीत. हे कशामुळे?

बूटमेनू

तपासून पाहिलंत हे फार चांगलं केलंत. पुष्कळ लोक इथेच थांबतात आणि पुरानंतर कळतं.

कारण असं: विंडोज १० मध्ये २०१८ च्या शेवटी आलेल्या १८०९ आवृत्तीपासून फाँटवर नुसतं 'इन्स्टॉल' केलं की तो विंडोजच्या मुख्य फाँट फोल्डरमध्ये जात नाही. त्या वापरकर्त्याच्या खात्यात, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फाँट्स अशा आतल्या फोल्डरात जातो. 'सगळ्या वापरकर्त्यांसाठी' असं निवडलं तरच मुख्य फोल्डरात. ॲपडेटा लपलेलं असतं, एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये लपलेले फोल्डर दाखवा असं निवडा. तुमचे राहिलेले फाँट तिथे असतील. दोन्ही फोल्डरांतले फाँट 'पत्रिका' फोल्डरातच 'फाँट' नावाने ठेवून द्या, म्हणजे रोजच्या बॅकअपमध्ये तेही येतील.

दुसरं, छपाईला गेलेल्या प्रत्येक पत्रिकेची फाँट आत घेतलेली पीडीएफ त्याच फोल्डरात ठेवत चला. कोरल नसलेल्या मशीनवर, अगदी मिंटवरसुद्धा ती अक्षर न बिघडता उघडते, आणि छापखान्याला तेवढी पुरते.

अक्षरजुळारी

सापडले! सगळे तिथेच होते. लॅपटॉपवर टाकले, पत्रिका नीट उघडली. पीडीएफचं आजच्या कामापासून सुरू केलं. जुन्या फाइलींच्या पीडीएफ एकदम करता येतात का? की एकेक उघडूनच?

सुरसागर

कोरलमध्ये मॅक्रो, म्हणजे तेच काम आपोआप करणाऱ्या सूचना, लिहून फोल्डरभर फाइली एका दमात करता येतात. पण तुमच्या जुन्या फाँटमुळे मी ते न पाहता सोडणार नाही, एखादा फाँट बदलला गेला तर शेकडो पीडीएफ चुकीच्या होतील. पन्नासेक फाइलींचा गठ्ठा घ्या, करा, चाळून बघा, मग पुढचा. कोरलची कुठली आवृत्ती आहे ते इथे लिहा, त्याप्रमाणे मॅक्रो देतो.